परमुलखातला संसार आणि बाईवर उठणारा हात

दसरा सरला की आपल्या जिल्ह्यातील पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांच्या वाड्यावस्त्यांवर ट्रक आणि ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. पीठमीठ, भांडीकुंडी, अंथरूण, कोपीचे बांबू, शेळी, कोंबड्या आणि शाळेतून काढलेली पोरे असा सगळा संसार त्यात चढतो. गावात राहतात म्हातारी माणसे आणि दाराचे कुलूप. गाड्या हलतात त्या पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूरकडे. काही सीमा ओलांडून कर्नाटकात जातात. परततात त्या कारखान्याचा पट्टा पडल्यावर, मार्च-एप्रिलात. म्हणजे वर्षाचे पाच-सहा महिने हा संसार परमुलखात चालतो.

आपल्या जिल्ह्याचे (२०२४ पासून सरकारदरबारी त्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे) यात एक वैशिष्ट्य आहे. प्रवरेच्या पाण्यावर लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढे सारी सहकारी साखर कारखानदारी त्या वाटेने गेली. त्याच जिल्ह्याचा पूर्व आणि दक्षिणेकडचा कोरडा पट्टा मात्र इतरांचा ऊस तोडायला बाहेर पडतो. उत्तरेकडच्या फडांवर आपण बाहेरच्या टोळ्या येताना पाहतो आणि दक्षिणेकडून आपलीच माणसे जाताना पाहतो. परक्या गावी आलेली बाई आणि परक्या गावी गेलेली बाई, दोघी आपल्याच डोळ्यांसमोर आहेत.

या स्थलांतराविषयी लिहिले गेले नाही असे नाही. मजुरीच्या दराविषयी लिहिले गेले, मुलांच्या सुटणाऱ्या शाळांविषयी लिहिले गेले. २०१९ साली शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न गाजला, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसाठी ८२,३०९ बायकांची पाहणी झाली आणि त्यांतील १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. परंतु दिवसभर ऊस तोडून आल्यावर रात्री त्या कोपीत नवरा-बायकोत काय घडते, हा विषय कोणी फारसा काढत नाही. तो खाजगी समजला जातो. प्रस्तुत लेख त्याविषयी आहे. पुढे ओघाने पुण्या-मुंबईहून अमेरिकेला, इंग्लंडला लग्न होऊन गेलेल्या आपल्या मुलींविषयीही लिहावे लागेल, कारण विमानाने गेलेली आणि ट्रकने गेलेली यांच्या दु:खात वाटते तेवढे अंतर नाही.

प्रथम आपल्याकडचे आकडे पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या बायकांपैकी शंभरात सुमारे २५ जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. त्याआधीच्या फेरीत हा आकडा २१ होता. देशाचा आकडा २९ च्या आसपास आहे. आणखी एक आकडा मला जास्त बोलका वाटतो. ज्यांनी मार किंवा लैंगिक जबरदस्ती सोसली त्यांपैकी देशभरात शंभरात फक्त १४ जणींनी कोणाकडे तरी मदत मागितली होती. शिवाय ही पाहणी घरोघर जाऊन होते. ज्या घराला सहा महिने कुलूप असते त्या घरातली बाई तिच्यात किती येत असेल, याचा विचार वाचकांनीच करावा.

येथे एक गोष्ट कबूल करतो. काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीत एका बाईचे प्रकरण बैठकीत आले. कारखान्यावरून परतल्यावर ती सासरी न जाता माहेरी आली होती. दंडावर वळ होते. आम्ही चार वडीलधारी माणसे बसलो, नवऱ्याला बोलावले, त्याला खडसावले, त्याने मान खाली घातली. मग पोरांकडे बघ, संसार मोडू नको, असे सांगून आम्ही तिला नांदायला पाठवले. आम्ही फार मोठे काम केले असे त्या दिवशी आम्हांला वाटत होते. निघताना ती एवढेच म्हणाली की, इथे निदान तुम्ही आहात, तिथे कोण आहे? त्या वाक्यावर आमच्यापैकी कोणीच काही बोलले नाही. दिवाळीनंतर ती पुन्हा त्याच्याच बरोबर ट्रकमध्ये बसली. 'तिथे कोण आहे' हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे आणि या लेखाचे मूळही तेच आहे.

बैठकीत हमखास विचारले जाते की, एवढा मार खाते तर सोडून का येत नाही? हा प्रश्न विचारणाऱ्याला कोयत्याचा हिशेब ठाऊक नसतो. मुकादमाच्या वहीत 'एक कोयता' म्हणजे एक माणूस नव्हे, तर नवरा-बायकोची जोडी. एकटा असेल तर तो 'अर्धा कोयता'. पुरुष बुडख्याला ऊस तोडतो. बाई पाचट काढते, मोळ्या बांधते आणि त्या डोक्यावर घेऊन फळीवरून चढत ट्रकमध्ये किंवा ट्रॉलीत टाकते. पहाटे तीन-चारला उठून भाकरी करणे, फडावरून आल्यावर पाणी, सरपण आणि पुन्हा स्वयंपाक, हे काम वहीत कोठेच येत नाही. हंगामाआधी जी उचल मिळते ती पुरुषाच्या हातात पडते. त्या पैशांतून घराचे पत्रे, आजारपण, बहिणीचे लग्न, मागची बाकी हे सारे आधीच भागलेले असते. बाईला तो व्यवहार बहुधा कानावर येतो, हातात येत नाही. तरीही गहाण पडते ते तिचेही अंग. जानेवारी २०२४ मध्ये वाटाघाटी होऊन तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, ही चांगली गोष्ट झाली. पण टनाला मिळणारा पैसा कोयत्याच्या नावे जमा होतो आणि कोयत्याच्या नावापुढे नवऱ्याचे नाव असते.

आता ती निघून आली तर काय होते ते पाहा. जोडी फुटते. पूर्ण कोयत्याची उचल अर्ध्या कोयत्याच्या डोक्यावर बसते. मुकादम पैशासाठी तिच्या सासरच्या दारात येतो, तेथे भागले नाही तर माहेरच्याही दारात येतो. टोळीतील इतर घरांचाही रोष होतो, कारण गाडी भरायला हात कमी पडतात. म्हणजे मार खाणारी बाई घर सोडते तेव्हा ती नवऱ्याला सोडत नाही एवढेच, ती एक कर्ज उघडे पाडते. बापाला हे कळते. म्हणून बाप म्हणतो, एवढा हंगाम काढ. फडावर भांडण मिटवायला कोण, तर मुकादमच. तो दोघांनाही रागावतो आणि सकाळी फडावर यायला सांगतो. त्याला जोडी हवी असते. त्याच्या दृष्टीने पाहिले तर त्यात वावगे काही नाही, त्याचाही पैसा कारखान्याच्या करारात अडकलेला असतो. पण ज्याचा फायदा जोडी टिकण्यात आहे तो त्या जोडीचा पंच होऊ शकत नाही.

त्यात खाडा. एक दिवस कामावर गेले नाही की पैसे कापले जातात. रात्री मार खाल्लेली बाई सकाळी अंग दुखते म्हणून कोपीत पडून राहिली तर तिचाच खाडा पडतो आणि खाडा पडला म्हणून पुन्हा मार बसतो. पाळी असो, दिवस गेलेले असोत, हेच चक्र चालते. तिच्या हातात रोख पैसा येतो तो बहुधा वाढे विकून. आसपासचे गाईम्हशीवाले वाढे घेतात आणि दहा-वीस, पन्नास रुपये देतात. संध्याकाळी तेच पैसे दारूसाठी मागितले जातात. कोपीतली पुष्कळ भांडणे या वाढ्यांच्या पैशांवरून सुरू होतात.

दारूमुळे मारतो, हे आपले नेहमीचे उत्तर. दारूने हात सैल सुटतो यात शंका नाही. परंतु हाच माणूस प्यायल्यावर मुकादमावर हात टाकत नाही, चिटबॉयला शिवी देत नाही, ट्रक ड्रायव्हरशी नीट बोलतो. कोणावर हात टाकला तर चालते आणि कोणावर टाकला तर चालत नाही, हे त्याला प्यायल्यावरही कळते. म्हणून दारूबंदीचे काम जरूर करावे, पण दारू सुटली म्हणजे मार सुटला असे मानू नये.

दुसरे कारण संशयाचे. कोपीला दार नसते, आंघोळीला आडोसा नसतो, पहाटेच्या अंधारात शौचाला उसात जावे लागते. मुकादम, ड्रायव्हर, मळेवाला यांपैकी कोणी वाईट नजरेने पाहिले, अंगाला हात लावला, तर ती बाई नवऱ्याला सांगत नाही. सांगितले तर आधी तिलाच मार पडेल हे तिला ठाऊक असते. अशा रीतीने बाहेरच्याचा जुलूम आणि घरच्याचा जुलूम एकमेकांना पाठीशी घालतात. गावात असती तर ती सासूकडे, जावेकडे, शेजारणीकडे गेली असती. दहा कोसांवरच्या माहेराला निरोप धाडला असता. अगदीच झाले तर पोलिस पाटलाच्या दारात बसली असती. सासू मारायला सांगणारीही असते हे खरे, पण मध्ये पडणारीही तीच असते. परमुलखात ही सारी माणसे एकदम नाहीशी होतात. कर्नाटकात तर पोलीस ठाण्यातली भाषाही कळत नाही.

आणि मुलींचे काय? वयात आलेली मुलगी गावात म्हाताऱ्यांपाशी ठेवायची भीती, फडावर न्यायचीही भीती. म्हणून हंगामाच्या तोंडावर पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींची लग्ने उरकली जातात. शिवाय लग्न झाले की अर्ध्या कोयत्याचा पूर्ण कोयता होतो. महिनाभरापूर्वी पाहिलेल्या मुलाबरोबर ती पोर कोपीत येते. तिला मारले तर ते सांगायचे असते हेदेखील तिला कोणी सांगितलेले नसते.

ऊस, करार आणि परमुलूख यांचे नाते जुने आहे. १८३४ पासून इंग्रजांनी हिंदुस्थानातील मजूर करार करून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर नेले, पुढे ते ब्रिटिश गयाना, त्रिनिदाद, नाताळ, फिजी येथे गेले. यांनाच गिरमिटिये म्हणतात. मुंबई बंदरातून कोकणातील मराठी माणसेही मॉरिशसला गेली. त्यांचे वंशज आजही तेथे आहेत आणि मराठी शिकतात. या वसाहतींत पुरुषांच्या मानाने बायका फार थोड्या होत्या. पुढे सरकारने शंभर पुरुषांमागे चाळीस बायका नेण्याचा नियम केला. गयाना आणि त्रिनिदादमध्ये नवऱ्यांनी बायकांचे खून करण्याचे प्रमाण इतके होते की त्याच्या सरकारी चौकश्या झाल्या, आणि खून पुष्कळदा ऊस तोडायच्या कोयत्यानेच झालेले असत. गोऱ्या अधिकाऱ्यांनी कारण लिहिले की हिंदी माणूस स्वभावत:च मत्सरी आहे. करारात बांधलेले आयुष्य, बराकी, मुकादमाची (तेथे त्याला सरदार म्हणत) बायकांवरची सत्ता, परत जाण्याची बंद वाट, यांचा त्यात काय वाटा, हे इतिहासकारांनी फार उशिरा मांडले. आज कोणी ऊसतोड कामगारांविषयी 'त्यांच्यात मारहाण चालतेच' असे म्हणतो तेव्हा मला त्या अधिकाऱ्यांची आठवण होते.

आता आजच्या परदेशाकडे वळू. गेल्या तीस वर्षांत आपल्या समाजातील मुलेही शिकून, संगणकाची पदवी घेऊन अमेरिकेला गेली आहेत. अशा स्थळाला मुलगी देताना घरात पेढे वाटले जातात. नवरा 'एच-१बी' नावाच्या परवान्यावर असतो आणि बायको 'एच-४' वर जाते. या दुसऱ्या परवान्याचा अर्थ मुलीच्या बापाने लग्नाआधी समजून घेतला पाहिजे. तिचे तेथे राहणे नवऱ्याच्या नोकरीवर आणि त्याच्याशी असलेल्या लग्नावर अवलंबून असते. घटस्फोट झाला की तिचा राहण्याचा आधार गेला. नोकरी करायला तिला बंदी. मे २०१५ पासून ज्यांच्या नवऱ्यांचे कायम वास्तव्याचे काम ठराविक टप्प्यापर्यंत गेले आहे अशांनाच कामाची परवानगी मिळू लागली. मुलगी इंजिनिअर असो की डॉक्टर, भाजीला पैसे मागायची वेळ तिच्यावर येते. गाडी चालवता येत नसेल तर घराबाहेरही पडता येत नाही. मग 'परत पाठवीन' एवढे दोन शब्द पुरतात.

तेथे पोलीस एका फोनवर दारात येतात, मग ती फोन का करत नाही? पुन्हा तोच हिशेब. नवऱ्याला अटक झाली, शिक्षा झाली, त्याची नोकरी आणि परवाना गेला, तर तिचाही परवाना त्याच्याबरोबर जातो. मुले तेथे जन्मलेली असतात. इकडे धाकटीचे लग्न व्हायचे असते. फडावरच्या बाईला उचल जशी बांधून ठेवते तसा या बाईला हा परवाना बांधून ठेवतो. नवऱ्याला धडा शिकवायचा तर आधी आपल्या पायाखालची जमीन काढून घ्यावी लागते, अशी दोघींची स्थिती आहे.

हे केवळ अंदाज नाहीत. बोस्टन शहराच्या परिसरात दक्षिण आशियाई स्त्रियांची एक पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. १६० जणींपैकी सुमारे ४० टक्के जणींनी त्यावेळच्या जोडीदाराकडून हिंसा झाल्याचे सांगितले. पाहणी लहान होती, त्यावरून सगळ्यांविषयी अनुमान काढू नये. पण त्यांतील अनेक घरे सुशिक्षित आणि कमावती होती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. तेथे गेलेल्या बायकांनीच यावर पहिले काम उभारले. न्यू जर्सीत १९८५ साली 'मानवी', न्यूयॉर्कमध्ये १९८९ साली 'सखी' आणि पुढे कॅलिफोर्नियात 'मैत्री' या संस्था निघाल्या. आपल्या भाषेत बोलणारी बाई फोनवर भेटणे ही त्यांची पहिली मदत. अमेरिकेच्या १९९४ च्या कायद्याने नागरिकाच्या किंवा कायम रहिवाशाच्या बायकोला, नवऱ्याच्या सहीवाचून स्वत: अर्ज करता येऊ लागला. 'एच-१बी' वाल्याची बायको मात्र त्यात बसत नाही. तिच्यासाठी २००० सालच्या कायद्याने गुन्ह्यातील पीडितांचा वेगळा परवाना आला, पण तो वर्षाला दहा हजारांनाच मिळतो आणि रांग वर्षानुवर्षांची आहे.

इंग्लंडमध्ये 'साउथॉल ब्लॅक सिस्टर्स' ही संस्था १९७९ पासून काम करते. किरणजित अहलुवालिया या पंजाबी स्त्रीने दहा वर्षे छळ सोसून १९८९ साली नवऱ्याला पेटवले. तिला जन्मठेप झाली. या संस्थेने लढा दिला, आणि १९९२ साली ती सुटली. दीर्घ काळ मार खाणाऱ्या बाईच्या मनाचा विचार न्यायालयाने करावा, हे त्या खटल्याने पुढे आणले. नवऱ्याच्या आधारावर आलेल्या बाईला सरकारी मदत न देण्याचा तेथील नियमही अशाच प्रयत्नांनी थोडा थोडा सैल झाला. २००२ साली छळ सिद्ध करणाऱ्या बाईला स्वतंत्रपणे राहण्याचा अर्ज करता येऊ लागला आणि २०१२ पासून तेवढ्या काळापुरते तीन महिने सरकारी साहाय्य मिळू लागले. आणखी एक प्रकार आपल्या पालकांना माहीत असावा. सुट्टीला म्हणून बायकोला भारतात आणायचे, माहेरी सोडायचे आणि पासपोर्ट घेऊन एकट्याने परत जायचे. इंग्लंडच्या कौटुंबिक न्यायालयांच्या नियमांत अशा सोडून देण्याला २०१७ पासून छळ म्हणूनच गणले आहे.

मग कायद्याचे काय? सुदैवाने आपल्याकडे या बाबतीत कायदा परमुलखातल्या बाईच्या बाजूने आहे. फक्त तो कोणी तिला सांगत नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा (अंमल २६ ऑक्टोबर २००६ पासून) हिंसेचे चार प्रकार मानतो: शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक, आणि आर्थिक. विद्यार्थ्यांनी हे चारही लक्षात ठेवावेत. मजुरी काढून घेणे, वाढ्यांचे पैसे हिसकावणे, पासपोर्ट दडवून धमकावणे, हे सारे यात बसते. नवऱ्याने केलेली लैंगिक जबरदस्ती आपल्या फौजदारी कायद्यात अजून बलात्कार मानली जात नाही, पण या कायद्यात ती हिंसा आहे. लग्नासारख्या नात्यात राहणारी बाईही या कायद्याखाली येऊ शकते, त्यामुळे लग्नाचा कागद हाती नाही म्हणून कोणी आधीच हातपाय गाळू नयेत.

सगळ्यात महत्त्वाचे कलम २७. बाई जेथे कायमची किंवा तात्पुरती राहते, जेथे काम करते, जेथे नवरा राहतो किंवा जेथे प्रकार घडला, यांपैकी कोणत्याही ठिकाणच्या न्यायदंडाधिकाऱ्याकडे तिला अर्ज करता येतो. म्हणजे मार सांगली जिल्ह्यात बसला तरी पाथर्डीला अर्ज चालतो, आणि पाथर्डीची बाई कारखान्यावर असतानाच तेथील तालुक्याला अर्ज करू शकते. छळाच्या फौजदारी गुन्ह्याबाबतही (पूर्वीचे कलम ४९८-अ, आता भारतीय न्याय संहितेची कलमे ८५ व ८६) सर्वोच्च न्यायालयाने रूपाली देवी खटल्यात २०१९ साली सांगितले की घर सोडून आलेली बाई जेथे आश्रयाला आली तेथेही तक्रार करू शकते. जुलै २०२४ पासून कोणत्याही ठाण्यात, हद्द न पाहता, गुन्हा नोंदवून घेण्याची तरतूद कायद्यातच आली आहे. 'हे आमच्या हद्दीत येत नाही' असे उत्तर मिळाले तर ते ऐकून परत फिरू नये.

परदेशात घेतलेल्या घटस्फोटाविषयी सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली नरसिंह राव खटल्यात निवाडा दिला. ज्या कायद्याने लग्न झाले त्या कायद्यातील कारणावर नसलेला आणि बाईला खरी बाजू मांडता न आलेला परदेशी हुकूमनामा भारतात मानला जात नाही. टपालाने घटस्फोटाचा कागद आला म्हणून लग्न संपले असे समजू नये. राष्ट्रीय महिला आयोगात अशा परदेशस्थ नवऱ्यांविरुद्धच्या तक्रारींसाठी वेगळा कक्ष आहे. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या दलित महिला परिषदेत बाईला घटस्फोटाचा हक्क असावा, ही मागणी झाली होती. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने तो मिळाला आणि तो कायदा बौद्धांच्या विवाहांनाही लागू आहे. आपल्यातील पुष्कळांना ही गोष्ट माहीत नसते. लग्न विधिपूर्वक झाले, फोटो निघाले, जेवणे झाली, पण नोंदणी राहून गेली, अशी कित्येक घरे आहेत. परदेशातच नव्हे, फडावरही हा कागद उपयोगी पडतो.

ही वाट सोपी आहे असे मी म्हणत नाही. अर्ज साठ दिवसांत निकाली निघावा असे कायदा सांगतो, प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात, आणि ऊसतोड बाईची तारीख नेमकी हंगामात येते. तरीही सर्व स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. तालुक्याच्या कोर्टातच त्याची समिती असते. १८१ हा महिलांसाठीचा आणि ११२ हा पोलिसांचा क्रमांक कोठूनही लागतो. प्रत्येक जिल्ह्यासाठी 'सखी' वन स्टॉप सेंटरची योजना आहे. आपल्या शहरात १९८९ पासून 'स्नेहालय' संकटातील स्त्रियांसाठी काम करीत आहे. जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी आरोग्य प्रकल्प सुरू केला, तेव्हा गावोगावच्या कमी शिकलेल्या बायकांनाच आरोग्यसेविका म्हणून तयार केले. गावातील बाई गावातील बाईशी बोलते तेव्हा दुखण्याबरोबर मारही बाहेर येतो.

आणि आपण, मंडळाचे सभासद? त्या कायद्याच्या कलम ४ नुसार हिंसा होत आहे किंवा होण्याचा संभव आहे असे वाटणारी कोणीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते, आणि सद्भावनेने कळवणाऱ्यावर कोणतीही जबाबदारी येत नाही. बाईची सही त्यासाठी लागत नाही. दसऱ्याआधी, ट्रक भरण्यापूर्वीच्या पंधरवड्यात, आपल्या वस्तीतील जाणाऱ्या घरांत जाऊन काही कामे करता येतील. ऊसतोड कामगारांच्या नोंदणीत आणि गोपीनाथ मुंडे महामंडळाच्या ओळखपत्रासाठी बाईचे नाव स्वतंत्र लावून घ्यावे, नवऱ्याच्या नावाखाली नव्हे. तिचे स्वत:चे बँक खाते असावे आणि पासबुक तिच्याजवळ राहावे. आधार कार्ड, लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले यांच्या नकला तिच्या आईपाशी किंवा मंडळाच्या कपाटात ठेवाव्यात. टोळी कोणत्या कारखान्याला जाणार, मुकादम कोण, याची नोंद आपल्याकडे असावी, आणि महिन्यातून एकदा कोणीतरी बाईने तिला फोन करावा. परदेशी जाणाऱ्या मुलीसाठीही नेमके हेच करायचे. कारखान्याच्या जागी नवऱ्याच्या कंपनीचे नाव, घराचा पत्ता आणि पासपोर्ट व व्हिसाची नक्कल, एवढाच फरक.

बैठक घ्यायचीच असेल तर आधी बाईशी एकटीशी बोलावे, तेही बाईनेच. तडजोडीची घाई करू नये. ती जे सांगेल ते त्याच दिवशी मंडळाच्या वहीत तारीख-वार घालून, तिच्या शब्दांत लिहावे. अंगावर खुणा कोठे आहेत, किती दिवसांच्या दिसतात, सोबत कोण होते, हेही लिहावे. सरकारी दवाखान्यात नेले तर केसपेपरवर 'पडून लागले' असे न लिहिता कारण खरे लिहायला सांगावे. आमच्या त्या बैठकीची अशी नोंद आम्ही केली नव्हती. पुढच्या वर्षी ती बाई पुन्हा आली तेव्हा वकिलाने पहिला प्रश्न विचारला तो हाच, की याआधी कोणाला सांगितले होते का आणि त्याचा काही कागद आहे का.